मदत हवी आहे: विंडोज ११ घेतल्यापासून लॅपटॉपचा कॅमेरा बंद, बाबांचे तबल्याचे क्लास अडलेत

बाड्यावरची

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहतो. माझे बाबा तबला शिकवतात. काही मुलं घरी येतात, बाकीची ऑनलाइन शिकतात. ऑनलाइनवाली पुण्याची, नागपूरची, एक तर पार टोरांटोचा आहे. बाबांचा लॅपटॉप २०१८ चा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बँकेची कामंही याच लॅपटॉपवर होतात, म्हणून तो विंडोज ११ वर नेला. अपग्रेड नीट पार पडलं. फाइली जागच्या जागी आहेत, माइक चालतो, आवाज स्वच्छ येतो. फक्त स्क्रीनच्या वरचा कॅमेरा चालत नाही.

नेमकं काय होतं ते सांगते. कॅमेरा अ‍ॅप उघडलं की कॅमेऱ्याशेजारचा बारीक पांढरा दिवा लागतो, काळी चौकट दिसते आणि लगेच दिवा विझतो. मग एरर येते, तिचा कोड ०एक्सए००एफ४२७१. झूममध्ये बाबांच्या जागी नुसता काळा चौकोन.

आतापर्यंत पाहिलेलं असं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात कॅमेरा, तिथली सगळी बटणं चालू आहेत. अगदी खाली डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठी वेगळं बटण असतं, तेही. कीबोर्डवर कॅमेऱ्याचं चित्र असलेली की नाही, सरकवायची झडपही नाही. अँटिव्हायरस विंडोजचाच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, कॅमेराज् खाली नाव दिसतं, पिवळा त्रिकोण नाही, उपकरण व्यवस्थित चालू आहे असंच लिहून येतं. ड्रायव्हरच्या (विंडोजला कॅमेरा चालवता यावा म्हणून असलेल्या प्रोग्रॅमच्या) टॅबवर तारीख २०१७ ची आणि मायक्रोसॉफ्टचं नाही, दुसऱ्याच कंपनीचं नाव. अनइन्स्टॉल करून लॅपटॉप रीस्टार्ट केला, तर तोच ड्रायव्हर तसाच परत आला. शेजारच्या दादांचा यूएसबीचा सुटा कॅमेरा लावून पाहिला, तो मात्र लगेच चालला.

इथल्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला की कॅमेरा गेला, स्क्रीनची चौकट उघडून नवा बसवावा लागेल, लॅपटॉप ठेवून जा. मी म्हटलं, अहो, अपग्रेडच्या आदल्या संध्याकाळी याच कॅमेऱ्यावर पूर्ण क्लास झालाय. त्यावर त्यांच्याकडे काही उत्तर नव्हतं. लॅपटॉप घेऊन परत आले. बिजागरी आधीच थोडी सैल आहे, त्यामुळे कारण नसताना कोणी ती चौकट उघडावी असं मला वाटत नाही.

फोनवर का घेत नाही, असं कोणी विचारेलच. बाबा लॅपटॉप बुटक्या चौरंगावर ठेवतात आणि स्क्रीन अशी झुकवतात की मुलांना दायाँ-बायाँ दोन्ही वरून दिसावेत. ‘ना’ हा बोल वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, पडते तेव्हा अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेला हलकी टेकलेली असायला हवी. ती उचलली गेली की बोल पोकळ होतो. मुलांना हे बाबांच्या हातावर दिसावं लागतं आणि बाबांना मुलांच्या हातावर. फोनच्या स्क्रीनवर समोरच्या आठ वर्षांच्या मुलाची अनामिका बाबांना दिसत नाही. सध्या ते नुसतं ऐकून चुका सांगतात, पण मुलगा चुकतोय कुठे ते कळतं आणि बोट कसं ठेवायचं ते दाखवता येत नाही. क्लास संपला की बराच वेळ गप्प बसलेले असतात. मला ते बघवत नाही.

माझे प्रश्न दोन. हा बिघाड कॅमेऱ्याचा की ड्रायव्हरचा, हे स्क्रीन न उघडता ठरवता येईल का? आणि विंडोज १० वर परत जावं का? परत जायची सोय अपग्रेडनंतर १० दिवसच असते आणि मुदत संपत आली आहे. कृपया पायऱ्या मराठीतच लिहा, म्हणजे पुढेमागे मी घरी नसले तरी बाबांना वाचून करता येईल.

पक्कड

ताई, स्क्रीन उघडू देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे.

लॅपटॉपचा कॅमेरा आतून यूएसबीवरच जोडलेला असतो. बारीक वायर बिजागरीतून मदरबोर्डपर्यंत जाते. ती तुटली किंवा कॅमेरा मेला, तर डिव्हाइस मॅनेजरमधून नाव गायब होतं. मग व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवली की ते फिकट दिसतं आणि उघडल्यावर कोड ४५ येतो, म्हणजे उपकरण जोडलेलंच नाही. अशा वेळी कॅमेरा अ‍ॅपची एरर बहुधा ४२४४ ने संपणारी असते: कॅमेरा सापडला नाही. तुमची ४२७१ आहे, म्हणजे कॅमेरा सापडला पण चित्र सुरू झालं नाही. वर दिवाही लागतोय. सुटा कॅमेरा चालला, म्हणजे परवानग्या आणि झूम दोन्ही ठीक. उरला तो २०१७ चा ड्रायव्हर. तो विंडोज १० च्या काळातला आहे, अपग्रेडमध्ये तसाच पुढे आला. नुसतं अनइन्स्टॉल केलं तर त्याची प्रत विंडोजच्या साठ्यात राहते आणि रीस्टार्टला तीच परत बसते, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही.

आता हे करा. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. कॅमेराज् उघडा, कॅमेऱ्याच्या नावावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर. दोन पर्याय येतील, त्यातला खालचा घ्या, कॉम्प्युटरवर शोधण्याचा. पुढच्या पानावर फोल्डर विचारेल, तिकडे लक्ष देऊ नका. त्याच्या खाली ‘उपलब्ध ड्रायव्हरच्या यादीतून मी निवडतो’ अशा अर्थाची ओळ आहे, ती दाबा. यादीत दोन नावं दिसायला हवीत, एक आत्ताचं आणि दुसरं यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस. दुसरं निवडा, नेक्स्ट. मग लॅपटॉप रीस्टार्ट करा. शट डाउन करून चालू करू नका, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने विंडोज पूर्ण बंद होत नाही, रीस्टार्टने होतं.

हा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा. वेबकॅमसाठी २००३ पासून एक सामाईक यूएसबी मानक आहे, आणि ते पाळणारा कुठलाही कॅमेरा त्यावर चालतो. तुमच्या लॅपटॉपच्या काळातले बहुतेक कॅमेरे ते पाळतात.

तिसरा मजला

पक्कड यांच्याशी सहमत. अपग्रेडनंतर चांगले कॅमेरे बंद पडायची ही पहिलीच वेळ नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० चं अ‍ॅनिव्हर्सरी अपडेट आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने कॅमेऱ्याचं चित्र अ‍ॅपपर्यंत पोचवायची पद्धतच बदलली होती. एकापेक्षा जास्त अ‍ॅप्सना एकाच वेळी कॅमेरा वापरता यावा, हा हेतू. त्यात एमजेपेग आणि एच२६४ या दाबून लहान केलेल्या स्वरूपांत चित्र घेणारी अ‍ॅप्स अडकली आणि कितीतरी लोकांचे स्काइप कॉल गोठायला लागले. कॅमेरे सगळे धडधाकट होते.

ड्रायव्हर बदलूनही नाही चाललं तर आणखी एक चाचणी आहे. पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच, पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) टाका आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं करून पाहायचं, ‘ट्राय’ म्हणतात ते. तिथे कॅमेरा चालला तर दुकानदाराचं म्हणणं साफ चुकीचं.

परत जाण्याबद्दल: जाऊ नका. अपग्रेडनंतर टाकलेली अ‍ॅप्स जातील आणि पुन्हा बिनसपोर्टच्या विंडोजवर बँक. अगदीच वेळ आली तर घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते.

बाड्यावरची

चालला! यादीत दोन्ही नावं होती, दुसरं निवडलं, रीस्टार्ट केलं आणि कॅमेरा अ‍ॅप उघडताच बाबांचा चेहरा समोर. पक्कडदादा, तिसरा मजला, तुम्हा दोघांचे किती आभार मानू. बाबांनी लगेच पुण्याच्या मुलाला फोन करून आजचा क्लास ठरलेल्या वेळी आहे असं कळवलं.

एक बारीकशी तक्रार उरली आहे. ट्यूबलाइट लावली की चित्रात आडव्या फिकट पट्ट्या वर सरकताना दिसतात. दिवसा खिडकीच्या उजेडात नसतात. जुन्या ड्रायव्हरवर हे कधी दिसलं नव्हतं. हात हलतो तेव्हा या पट्ट्यांमुळे बोटं नीट दिसत नाहीत.

पक्कड

तो विजेचा खेळ आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. नवा ड्रायव्हर बहुतेक अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर बसलाय. कॅमेरा अ‍ॅपमध्ये दातेरी चाकाचं चिन्ह दाबा, त्यात फ्लिकर रिडक्शन शोधा आणि ५० हर्ट्झ करा.

बाड्यावरची

केलं, पट्ट्या गेल्या. झूममध्येही नाहीत. शेवटचं एक विचारते: विंडोज अपडेट तो २०१७ चा ड्रायव्हर पुन्हा घालेल का?

पक्कड

घालू शकतं. घातलाच तर याच पायऱ्यांनी पुन्हा यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस निवडा, दोन मिनिटांचं काम आहे. पायऱ्या कागदावर उतरवून बाबांच्या तबल्याच्या पेटीत ठेवा. आणि क्लासच्या दिवशी सकाळीच एकदा कॅमेरा अ‍ॅप उघडून पाहायला सांगा, म्हणजे संध्याकाळी धावपळ नको.