मदत हवी आहे: सोरायसिसच्या गोळीने आप्पांचं तोंड आलंय, बी कॉम्प्लेक्स चालेल का?

मागवाला_सोलापूर: आप्पा ६४ वर्षांचे, सोरायसिस जुनाच पण यंदा लै पसरला, अंथरूण झटकलं की पांढरा भुगा पडतोय. डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबायची गोळी दिली. परवापासून तोंड आलंय, शेंगाचटणी सोडा, नुसता दूधभात पण गिळवत नाही. बी कॉम्प्लेक्स देऊ का आणि पथ्य काय पाळायचं? लवकर सांगा, डॉक्टर सोमवारीच भेटतात.

रेवा७१: गोळीचं नाव? कधीपासून?

अक्कलकोट_रोड: गोळी बंद करा ओ. माझ्या मेव्हण्याला कडुलिंबाच्या पाल्यानं फरक पडला.

होटगीकर: कडुलिंब काय सांगताय ताई! मी दीड वर्ष मेथोट्रेक्सेटवर आहे. आधी छातीचा फोटो, काविळीची तपासणी झाली, आता ठरलेल्या वेळी रक्तातल्या पेशी, लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघतात. दारू बंद, अंगदुखीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नाही. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या, किडनीवर ताण येतो. तोंड मलापण यायचं, गोळी सोडू नका.

अक्कलकोट_रोड: माझा तरी पाल्यावरच भरवसा आहे.

सुमनताई: गोवर, कांजिण्यांची जिवंत लस घेऊ नका हं. फ्लूचं इंजेक्शन चालतं.

रेवा७१: लसीचं कुणी विचारलंय? दादा, गोळी कोणती आणि कशी घेतात ते लिहा आधी.

मागवाला_सोलापूर: मेथोट्रेक्सेट साडेसात मिलीग्रॅम. रोज सकाळी एक, मेडिकलवाल्यानं पाकिटावर तसंच लिहून दिलंय.

रेवा७१: रोज??? ही गोळी सोरायसिसला आठवड्यातून एकदाच असते! चिठ्ठीवर काय आहे? किती गोळ्या गेल्या? ताप आहे का?

मागवाला_सोलापूर: चिठ्ठीवर इंग्रजीत वीकली आहे, आत्ता नीट बघितलं. सहा गेल्या. अंग कोमट लागतंय.

होटगीकर: भाऊ, मी वर लिहिलं ते धरू नका. गोळी आत्ता बंद, सोमवारची वाट बघू नका, रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या. पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात यात.

रेवा७१: पाकीट, चिठ्ठी दोन्ही सोबत घ्या. "मेथोट्रेक्सेट रोज घेतली, सहा दिवस" असं दारातच सांगा. यावर ल्युकोव्होरिनचं इंजेक्शन असतं, घरच्या फॉलिक ॲसिडवर किंवा बी कॉम्प्लेक्सवर भागत नाही. बाकी काही गोळ्या चालू आहेत का, तेही सांगा तिथं.

मागवाला_सोलापूर: गुडघ्याची दुखण्याची गोळी घेतात. रिक्षा आलीय, निघतोय.

रेवा७१: तीपण पिशवीत टाका. पेशी किती आल्या ते इथं लिहा, जागी आहे मी.