स्रोत, संदर्भ, दुवा, उद्धरण – नेमका फरक काय?

चाळीसगावहून :
नमस्कार मंडळी. एम.ए.चा लघुप्रबंध लिहितेय, विषय आहे अहिराणीतले शेतीचे शब्द. गाइड मॅडमनी दुसरं प्रकरण परत पाठवलं. शेवटी मी 'स्त्रोत : इंटरनेट' लिहून खाली सहा लिंका पेस्ट केल्या होत्या, त्यावर लाल पेनाने 'हा संदर्भ नाही' एवढंच लिहिलंय. पण लिंक दिली म्हणजे संदर्भ झालाच ना? हे चारही शब्द मी आजवर एकाच अर्थाने वापरत आले. कोणी नीट सांगेल का?

धुळ्याहून :
ताई, आधी लेखन बघा. स्त्रोत नाही, स्रोत. 'स्रु' म्हणजे वाहणं, त्यात मधे त नाहीच, 'स्त्री' आणि 'स्तोत्र' लिहायच्या सवयीने तो घुसतो.

आता अर्थ. उन्हाळ्यात गिरणा नदीच्या वाळूत झिरा उकरतात, पाणी तिथून येतं म्हणून तो स्रोत. पण तहानलेल्याला तुम्ही नुसतं 'गिरणेत पाणी आहे' म्हटलं तर तो बिचारा फिरतच राहील, कोणत्या गावाच्या शिवारात, पुलाच्या वरच्या अंगाला का खालच्या, हे सांगाल तेव्हा तो पोचेल. हे सांगणं म्हणजे संदर्भ. संस्कृतात दृभ् धातू आहे, गुंफणं, ओवणं, त्यावरून हा शब्द आलाय. म्हणजे लेखक, तारीख, लेखाचं नाव, संकेतस्थळाचं नाव आणि पत्ता हे सगळं एकत्र ओवलेलं पाहिजे. दुवा त्यातला फक्त शेवटचा भाग, आणि तोच सगळ्यात आधी तुटतो. साइटवाल्यांनी पान हलवलं की लिंक मेली, मग लेखक न् शीर्षक लिहिलेलं असेल तरच कोणी ते दुसरीकडे शोधू शकतो.

आमच्या घरी कोणी ऐकीव गोष्ट सांगितली की आजी विचारायची, 'हाई कथाईन लयनं?', म्हणजे हे कुठून आणलंस? त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर म्हणजे संदर्भ.

चाळीसगावहून :
नाना, आता उलगडलं. पण एक अडचण अजून आहे. खानदेशचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, मी पुस्तक म्हणून पाहिलेलंच नाही, नेटवर वाचलं, आणि ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा खानदेशीवाला भाग स्कॅन केलेला वाचला. मग सन कोणतं लिहू, पुस्तकाचं का मी वाचलं ते? काही प्रबंधांत 'पुनर्प्राप्त दि. अमुक' असं पण दिसतं, ते काय असतं?

भुसावळहून :
मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, हा प्रश्न दर वर्षी येतो. सन मूळ प्रकाशनाचं लिहायचं. गॅझेटिअर मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, १८८०. ग्रिअर्सनचा खंड ९, भाग ३, साल १९०७. तुम्ही नेटवर वाचलं ते साल लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल ही आजची माहिती आहे, आणि १८८० मध्ये तर पूर्व-पश्चिम खानदेश वेगळे पण झालेले नव्हते, ती फाळणी १९०६ची. स्कॅनमध्ये छापील पान जसंच्या तसं दिसतं म्हणून पृष्ठ क्रमांकही द्या. पण गॅझेटिअर नव्याने टाइप करून वेबपानावर टाकलेलं वाचलं असेल तर तसं लिहा, कारण तिथे पृष्ठ क्रमांक नसतात आणि टायपिंगच्या चुकाही असतात. अशा वेळी प्रकरणाचं किंवा उपशीर्षकाचं नाव द्यायचं, कितवा परिच्छेद ते सांगायचं.

'पुनर्प्राप्त' हा शब्द मला अजिबात पटत नाही. 'रिट्रीव्ह्ड' ह्या इंग्रजी शब्दाला मराठी शब्द चिकटवलाय, हरवलेली गाय परत सापडली असं काहीतरी वाटतं. आपल्याकडे साधं 'दि. ५ मार्च रोजी पाहिले' आहे की, सन जोडून लिहायचं. ते सगळ्याच ठिकाणी लागतं असंही नाही. एपीए आणि एमएलए ह्या संदर्भ लिहायच्या दोन ठरलेल्या पद्धती आहेत, एपीएच्या सातव्या आवृत्तीत ही तारीख फक्त सतत बदलणाऱ्या पानांना मागतात, एमएलएत ऐच्छिक आहे. तुमच्या विभागाची जी पद्धत असेल ती शेवटपर्यंत एकच ठेवा. विकिपीडियाचं पान घेतलं तर बाजूला 'शाश्वत दुवा' असतो तो घ्या, म्हणजे तुम्ही वाचली तीच आवृत्ती उघडते. संशोधन लेखाला डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, असेल, तो १० ने सुरू होतो, तर तोच द्या, नियतकालिकाची साइट बदलली तरी नंबर तोच राहतो.

आणि 'शोधगंगा' हा लेखक नाही, ते प्रबंध साठवणारं संकेतस्थळ आहे! पोरं सर्रास 'संदर्भ : शोधगंगा' लिहितात. ज्या माणसाने पाच वर्षं गावोगाव फिरून प्रबंध लिहिला त्याचं नाव आधी, मग साल, शीर्षक, विद्यापीठ, आणि कुठे मिळाला म्हणून शेवटी शोधगंगा. नाव गाळलं की त्याची मेहनतच पुसली जाते, मला ह्याचं फार वाईट वाटतं.

धुळ्याहून :
उद्धरण राहिलं. उद् आणि हृ, वर उचलून घेणं, 'उद्धार' पण त्यातलाच. म्हणून उद्धृत, द ला ध जोडलेला. 'उधृत' आणि 'उद्घृत' दोन्ही चूक. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलले की अवतरणचिन्हात टाकायचे, त्यालाच अवतरण पण म्हणतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर त्यात मोजत नाहीत. पण स्वतःच्या शब्दांत मांडलंत म्हणून संदर्भ माफ होत नाही, कल्पना तर त्याचीच आहे ना.

चाळीसगावहून :
मनापासून धन्यवाद दोघांना. मग यादीला नाव काय देऊ? 'संदर्भग्रंथ' लिहिलं तर अर्ध्या नोंदी ग्रंथच नाहीत.

भुसावळहून :
'संदर्भसूची' लिहा. काही जण वेबसाठी 'वेबलिओग्राफी' म्हणून वेगळी यादी करतात, गरज नाही, लेखकाच्या आडनावाने सगळं एकाच क्रमात लावा. जिथे लेखकाचं नावच नाही तिथे संस्थेचं नाव, तेही नसेल तर शीर्षकाने नोंद सुरू करा.