प्रति: वादळ नसताना पाणी घुसलं कसं?

वर म्हटलंय की आभाळ निरभ्र होतं, तरी किनाऱ्यावरच्या घरांत पाणी शिरलं, म्हणजे हवामान खातं झोपलं होतं. इतकं सरळ नाही ते. वादळाचा इशारा हवामान खातं देतं. पण उंच लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था काढते. निरभ्र दिवशी घुसणारं पाणी बरेचदा लांबून आलेलं असतं. दक्षिण हिंदी महासागरात वारे घोंगावतात आणि तिथल्या लांबलचक लाटा हजारो किलोमीटर कापत काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. केरळात याला 'कल्लक्कडल' म्हणतात. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असलं की झालंच. म्हणजे इथे वेळ हाताशी असतो, सुनामीसारखी घाई नसते.

अडतं ते पुढे. लाटांचा इशारा मुख्यतः होड्यांसाठी वाचला जातो: समुद्रात जाऊ नका, होड्या नीट बांधा. बंदरावरचा बावटासुद्धा मुळात जहाजांसाठीच. वस्ती कोणी हलवायची? ते काम जिल्हा प्रशासनाचं, आणि वादळाचं नाव नसलं की यंत्रणा हलत नाही (नाव ठेवलं की लगेच बैठका!). वादळाच्या बाबतीत वस्ती आधी हलवणं जमलंय. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 च्या फायलिन चक्रीवादळाच्या वेळी लाखो लोक आधीच हलवले आणि बळी काही डझनांवर राहिले.

मोबाइलवर नुसतं 'सतर्क राहा' येऊन काय उपयोग? कुठली वाडी, किती वाजेपर्यंत रिकामी करायची आणि जायचं कुठल्या शाळेत, एवढं त्यात हवं.