मदत हवी आहे : थंडीत पहाटे सेल्फ जड फिरतो, नवी बॅटरी टाकूनही फरक नाही

नमस्कार. गाडी पेट्रोलची, मॅन्युअल गिअरची, नऊ वर्षं जुनी. दुपारी-संध्याकाळी कसलीच तक्रार नाही. थंडी पडली की पहाटे मात्र किल्ली फिरवल्यावर सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटार) घुर्र... घुर्र... करत फिरतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला दम सोडतो. डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. कधी चौथ्या प्रयत्नाला चालू होते, कधी होतच नाही. एकदा चालू झाली की मग दिवसभर नुसती किल्ली दाखवायचा अवकाश.

आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि आमची पाळी पहाटेची पहिली असते. मागच्या खेपेला ती शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसून राहिली आणि गाडी काही केल्या चालू होईना. शेवटी शेजाऱ्यांना झोपेतून उठवलं. त्यामुळे आता अंदाजपंचे काही करायचं नाही, नेमकं कारण हवं आहे.

बॅटरी चार वर्षांची होती. मेकॅनिकने बदलायला सांगितली, बदलली, तसूभर फरक नाही. आता तो म्हणतो स्टार्टर मोटार गेली. तो खर्च करण्याआधी काय तपासू? मल्टीमीटर आहे आणि वापरता येतो.

प्रतिसाद १

दादा, तुम्ही लक्षण नीट लिहिलंत, त्याने निम्मं काम झालं. सेल्फ जड फिरणं आणि सेल्फ जोरात फिरूनही इंजिन न पकडणं, हे दोन वेगळे आजार आहेत. तुमचा पहिला आहे. त्यामुळे प्लग, इंजेक्टर, पेट्रोल पंप यांच्या मागे सध्या लागू नका.

थंडीत तीन गोष्टी एकदम होतात. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, शून्य अंशाला तिची ताकद साधारण पाचवा हिस्सा कमी भरते. ऑइल घट्ट होतं. आणि ते घट्ट इंजिन फिरवायला स्टार्टर जास्त करंट ओढतो. ऑइल कोणतं आहे? मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असताना २०डब्ल्यू-५० भरलं असेल तर पहाटे सेल्फवर फार ताण येतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा असतो, जितका लहान तितकं बरं.

प्रतिसाद २

स्टार्टरला हात लावू नका, आधी अर्थिंग बघा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी केबल किंवा विणलेली पट्टी असते. तिच्या टोकाला गंज आला की आत रोध तयार होतो. समजा तो फक्त ०.०१ ओहम आहे. हेडलाइटच्या आठ-दहा अँपिअरला त्याने काही बिघडत नाही. पण सेल्फ मारताना १५० अँपिअर ओढले गेले तर १.५ व्होल्ट तिथेच जिरतात. दुपारी इंजिन मोकळं असतं, करंट कमी लागतो, म्हणून दोष लपून राहतो.

उद्या पहाटे, गाडी थंडगार असतानाच मापं घ्या. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, दर वेळी पाच सेकंदांहून जास्त नको. वायरी आणि हात पंखा-पट्ट्यापासून लांब. तीन मापं हवीत : बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांमधलं, निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंतचं, आणि पॉझिटिव्ह खुंटीपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंतचं. पहिलं ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. दुसरं ०.२-०.३ च्या आत हवं, तिसरं ०.५ च्या आत.

मीटरचे प्रोब खुंटीवरच टेकवा, तिच्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नको. पुष्कळदा गंज त्या दोघांच्या मधेच असतो आणि क्लॅम्पवर मोजलं की तो सुटून जातो.

प्रतिसाद ३

माझ्या डिझेल गाडीला हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) गेले होते, तेव्हा पहाटे असाच त्रास व्हायचा. तुमचेही बघून घ्या.

प्रतिसाद २ (पुन्हा)

त्यांची पेट्रोल आहे, तिला हीटर प्लग नसतात. शिवाय हीटर प्लग गेले तरी सेल्फ जोरातच फिरतो, फक्त इंजिन पकडायला वेळ लागतो. पेट्रोल गाडीत तसं झालं तर कूलंटचा तापमान सेन्सर बघावा. रात्रभर उभी असलेली गाडी स्कॅनरवर कूलंट ६० अंश दाखवत असेल तर संगणक इंजिन गरम समजून पेट्रोल कमी सोडतो.

मूळ प्रश्नकर्ता

आज पहाटे मोजलं. सेल्फ मारण्याआधी बॅटरी १२.६. मारताना खुंट्यांवर १०.७, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पॉझिटिव्ह बाजूला ०.३. आणि निगेटिव्ह खुंटी ते इंजिन चक्क १.६! स्टार्टरच्या वाट्याला जेमतेम ८.८ येत होते.

खात्रीसाठी जंपर केबलचं एक टोक निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरं इंजिनच्या उचलायच्या कडीला लावलं. सेल्फ असा गरकन फिरला की काच खाली करून बसलेली बायको दचकली. मग गिअरबॉक्सजवळची पट्टी सोडली. वरून काळी, ठीकठाक दिसणारी, पण बोल्टखालची चकती हिरवी पडलेली आणि जवळपास निम्म्या तारा तुटलेल्या. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासून बसवली, आता ०.४ येतात. ऑइल मॅन्युअलप्रमाणेच आहे.

दोन शंका : पट्टी तशीच ठेवू की बदलू? आणि जुनी बॅटरी कोपऱ्यात पडून आहे, ती खरंच खराब होती का?

प्रतिसाद २

बदलाच. तुटलेल्या तारा घासून जुळत नाहीत, ०.४ पुढच्या थंडीपर्यंत पुन्हा वाढेल. नवी पट्टी जुनीइतकी किंवा जास्त जाड घ्या. काम करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा आणि सगळ्यात शेवटी जोडा. बसवून झाल्यावर वरून ग्रीस लावा, खाली नको, तिथे धातूला धातू भिडला पाहिजे.

जुनी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, रात्रभर सोडून ठेवा आणि मोजा. १२.५ च्या वर राहिली तर गाडीत लावून पहाटे सेल्फ मारताना पुन्हा माप घ्या. आकडा कळवा, मग सांगतो.