अनुभव धागा: माशी डसल्यावर अंगभर गांधी उठल्या तर?

मोहफुलं झाली, आता तेंदूपत्ता. आग्या मोहोळ उठण्याचे हेच दिवस. या कामातल्या मंडळींनी नेमकं लिहावं. ‘चुना लावला, बरं वाटलं’ एवढ्यावर थांबू नये.

मध काढणारा, मेळघाट
मोहोळ उठलं की हात झटकू नका, खाली बसू नका. दुपट्ट्यानं तोंड झाकून पळा, घर किंवा गाडी सापडली तर आत शिरून दार लावा. विहिरीत उडी नको, माशा वर घिरट्या घालत थांबतात. अंगात रुतलेल्या काट्याला पिकल्या केळीसारखा वास असतो, त्या वासावर बाकीच्या त्याच जागी येतात. काट्यासोबत विषाची पिशवी राहते आणि ती आकसत राहते, जवळपास सगळं विष २० सेकंदांत उतरतं. म्हणून नखानं, विळ्याच्या पाठीनं, जे हाताशी असेल त्यानं काढा. चिमटा शोधायला गेलात की उशीर झालाच. गांधीलमाशीचा काटा सहसा राहत नाही, तिथं शोधत बसू नका.

आरोग्य सेविका, गडचिरोली जिल्हा
डसला तो हात कोपरापर्यंत सुजला तरी एवढं घाबरायचं नाही. थंड पाण्याची पट्टी, मोठ्या माणसाला सेट्रिझिन १० मिलिग्रॅम. पण माशी पायाला डसली आणि गांधी पोटावर उठल्या, तळहाताला खाज सुटली, तर माणसाला नजरेआड करू नका. त्यासोबत उलटी, धाप किंवा चक्कर यातलं एकही आलं तर गोळीच्या भरवशावर राहू नका. गांधी न उठताही आवाज घोगरा झाला किंवा माणूस कोसळला, तरी तीच जीवघेणी ॲलर्जी समजायची. बहुतेक वेळा हे पहिल्या अर्ध्या तासात दिसतं.

जीव जातो तो नेण्याच्या पद्धतीनं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवतात. रक्तदाब पडलेला माणूस सरळ बसवला की हृदयाकडे रक्त परतत नाही. आडवं निजवा, पाय उंच करा. धाप असेल तर पाय लांब करून टेकवून बसवा. बेशुद्ध असेल किंवा ओकत असेल तर कुशीवर. १०८ ला लगेच फोन करा. ती लांब असेल तर मालवाहू गाडीत गादी टाकून न्या, पण निजवूनच.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र
ताईंचं बरोबर आहे. आता औषधाचं. एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) दिलं की काम झालं, ही खेड्यातली जुनी सवय. एव्हिल खाज घालवतं, घशाची सूज आणि पडलेला रक्तदाब नाही. डेक्साला तर काम करायला काही तास लागतात. आधी ॲड्रेनालिन: १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅमचा अँप्युल, मोठ्यांना ०.५ मिलिलिटर, मुलांना किलोमागे ०.०१ मिलिलिटर, म्हणजे १० किलोच्या लेकराला ०.१. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. फरक नाही पडला तर ५ मिनिटांनी पुन्हा. इन्सुलिनची सुई नको, ती आखूड असते आणि तिच्यावरच्या खुणा मिलिलिटरच्या नसून युनिटच्या असतात. बरं वाटलं तरी निदान ६ तास ठेवून घ्या, कारण त्रास कधी कधी उलटून येतो. ॲटेनोलॉलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर आल्याआल्या सांगा, अशांना ॲड्रेनालिन कमी लागू पडतं.

उपकेंद्रातला कर्मचारी, यवतमाळ जिल्हा
लसीकरणाच्या किटमध्ये हाच अँप्युल असतो, वयानुसार डोसचा तक्ताही. मे महिन्यात तो गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हानं आणि उजेडानं औषधाचा जोर कमी होतो. तपकिरी दिसलं किंवा आत कण दिसले की टाकून द्या.

शेतकरी, वर्धा जिल्हा
पावसाळ्यात दिव्याखाली येणारा लाल-काळा लांबुळका किडा अंगावर चिरडला की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो. ती ॲलर्जी नाही, किड्यातल्या रसानं कातडी भाजते. फुंकून उडवा. चिरडलाच तर जागा लगेच साबणानं धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

वैद्यकीय अधिकारी
एक राहिलं. पन्नासच्या वर माशा डसल्या असतील तर ॲलर्जी नसली तरी भरती करा. एवढ्या विषानं स्नायू विरघळतात आणि किडनीवर येतं. दोन-तीन दिवस लघवी किती होते, चहासारखी काळपट होते का, ते बघायला सांगा.