सॅन हुआन डोंगरांत एल्क आणि म्यूल डिअर या हरणांची शिकार, तिसरा रायफल हंगाम: बेत तपासून हवा आहे

घाटवाट:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमधल्या तिसऱ्या रायफल हंगामाची तयारी चालू आहे. बेत खाली देतो, चुका दाखवाव्यात ही विनंती.

ठिकाण कोलोरॅडो, पागोसा स्प्रिंग्जच्या उत्तरेला वेमिनुच विल्डरनेस (वाहनं-यंत्रांना बंदी असलेलं संरक्षित रान). आम्ही दोघं, डॅलसहून गाडीने येणार. मला म्यूल डिअरच्या नराचा टॅग (एक जनावर मारायचा परवाना) ड्रॉमध्ये लागला आहे. नर एल्कचे टॅग दोघंही ऑगस्टमध्ये काउंटरवर, ड्रॉशिवाय घेऊ. हंटर एज्युकेशन कार्ड दोघांकडे आहे.

ट्रेलहेडपासून (पायवाट सुरू होते तिथून) ६ मैल आत, ११,००० फुटांवर तळ्याकाठी तंबू लावायचा आणि नऊही दिवस तिथेच राहायचं. पाठीवर प्रत्येकी २२ किलो, घोडे नाहीत. दोन्ही रायफली थर्टी-ऑट-सिक्स, १८० ग्रेनची गोळी, २०० यार्डांवर झिरो (नेम त्या अंतराला जुळवलेला).

अडलेलं असं: मांस बाहेर काढायला किती वेळ धरावा? दोन्ही जनावरं एकाच भागात मिळतील का? आणि माझा मित्र एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहे, मी ग्रीन कार्डवर. त्याच्या बाबतीत बंदुकीचा कायदा नेमका काय म्हणतो?

---

कातळटप्पा:
घाटवाट, बेत उलट्या टोकाकडून मांडा. आत किती जाऊ शकतो हे विचारू नका, मांस घेऊन बाहेर किती वेळात येऊ हे विचारा. त्या उत्तरावरून तंबूची जागा ठरते.

प्रौढ नर एल्कचं हाडं काढलेलं मांस साधारण ८० ते १०० किलो भरतं. वर कवटी आणि शिंगं. उताराच्या वाटेवर एका माणसाने एका खेपेत ३० किलोच्या पुढे जाऊ नये, दमलेल्या पायांनी घसरून गुडघा गेला की दोघांचीही शिकार संपली. म्हणजे मांसाच्या प्रत्येकी दोन खेपा आणि तंबूसामानाची तिसरी. तीनदा भरलेले बाहेर, दोनदा रिकामे आत: ६ मैलांच्या पाच फेऱ्या, माणशी ३० मैल. जनावर तंबूशेजारीच पडलं असं धरून हा हिशेब आहे, आणि तसं ते पडत नाही. भरलेल्या पाठीने ताशी दीड मैल धरा. दिवस जेमतेम साडेदहा तासांचा असतो. तीन दिवस यातच जातात.

तेच ३ मैलांवर राहिलात तर १५ मैल आणि दीड-दोन दिवस. घोडे नसतील तर माझ्या मते ३ मैल ही तुमची हद्द.

६ मैलच हवे असतील तर घोड्यांवरून ओझी वाहणाऱ्या पॅकरशी आत्ताच बोलून ठेवा. एका नर एल्कला साधारण दोन घोडे लागतात. जनावर पडल्यावर फोन करू म्हणाल, तर त्या आठवड्यात सगळे घोडे कोणाच्या ना कोणाच्या कामावर वर गेलेले असतात. पॅकर राज्याकडे नोंदणीकृत आउटफिटर (शिकाऱ्यांना सेवा देणारा व्यावसायिक) आहे ना आणि त्याच्याकडे त्या भागासाठी फॉरेस्ट सर्व्हिसचा परवाना आहे ना, हे दोन्ही विचारा. चाकाची मांसगाडी हा पर्याय नाहीच. विल्डरनेसमध्ये चाक चालत नाही, चेनसॉही नाही.

आता ११,००० फूट. सप्टेंबरमध्ये ठीक होतं, नोव्हेंबरमध्ये नको. एका वादळात दीड-दोन फूट बर्फ पडतं, एल्क खाली सरकतात आणि तुम्ही वर अडकता. ट्रेलहेडचा कच्चा रस्ताही कोणी साफ करत नाही. ९,००० ते ९,५०० फुटांवर राहा आणि सकाळी वर चढा. गाडीत चारही चाकांच्या साखळ्या, फावडं आणि दोन दिवसांचं जादा अन्न हवंच.

तंबू तळ्यापासून किमान १०० फूट दूर हा नियम आहे. पण त्याहून महत्त्वाचं, वर बघून लावा. या डोंगरांतला पुष्कळ स्प्रूस खोडकिड्याने मेला आहे आणि वाळलेली उभी खोडं वाऱ्यात पडतात. याच पडलेल्या खोडांमुळे वाट सोडली की वेग तासाला अर्ध्या मैलावर येतो. नकाशावरचं एक मैल अंतर तिथे दोन तास खातं.

एक ठरवून टाका. पहिला नर पडला की दुसऱ्याने रायफल बाजूला ठेवायची, पहिल्याचं मांस गाडीपर्यंत जाईपर्यंत. दोन एल्क एकाच दिवशी पाडले तर दुसऱ्याचं मांस वाया जाण्याची पुरती शक्यता. आणि एकाच्या टॅगवर दुसऱ्याने मारणं कोलोरॅडोत बेकायदाच आहे.

---

रानपठार:
जनावरं कुठे, यावर लिहितो.

माज संपलेला असतो, त्यामुळे शीळ घालून एल्क बोलावण्याचा काही उपयोग नाही. थकलेले मोठे नर कळप सोडून एकेकटे किंवा दोघं-तिघं मिळून राहतात. जिथे त्रास नाही, चारा आणि दाट झाडी अगदी शेजारी आहे आणि चालणं कमी आहे, अशी जागा ते धरतात. नकाशावर उत्तरेकडच्या चढात, धारेखाली ३०० ते ८०० फूट, एखादी छोटी माचीसारखी सपाटी आणि तिला लागून गवताचा तुकडा, अशा दहा जागा काढून ठेवा. वाटेवरून दिसणारं मोठं कुरण पहिल्याच दिवशी रिकामं होतं.

२०१३ च्या वेस्ट फोर्क आगीत याच परिसरात लाखभर एकर जळलं. जळितावर गवत आणि ॲस्पेनचे कोंब येतात, एल्क तिथे चरायला निघतात. जळितात बसायचं नाही. जळीत आणि हिरवी झाडी यांची सीमा दिसेल अशा समोरच्या सोंडेवर पहाट व्हायच्या आधी पोचायचं आणि दुर्बिणीने बघत राहायचं. १० बाय ४२ दुर्बीण तिवईवर लावली तर हातात धरल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं.

वारा सगळ्यात मोठा. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन लागलं की साधारण ९-१० च्या सुमारास ती उलटते आणि वर चढते, संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून सकाळी खालून किंवा आडवं जायचं, आणि दुपारी झाडीत बसलेल्या जनावराकडे वरून उतरायचं. हवा उलटत असतानाच्या अर्ध्या-पाऊण तासात हलू नका, वारा दर मिनिटाला दिशा बदलतो. एल्कने पाहिलं तर तो क्षणभर थांबतो, वास लागला तर खोरं सोडून जातो.

म्यूल डिअरचं गणित वेगळं. तिसऱ्या हंगामात ते बहुतेक खाली ७,५०० ते ९,००० फुटांवर ओकब्रश आणि पाँडेरोसाच्या पट्ट्यात उतरलेले असतात. नोव्हेंबरच्या मध्याला त्यांचा माज येतो, मोठे नर माद्यांच्या मागे दिवसाढवळ्या बाहेर येतात. म्हणून हंगामाचे पहिले पाच दिवस वर एल्कसाठी द्या, मग तंबू उतरवून उरलेले चार दिवस गाडीजवळून म्यूल डिअर शोधा. दोन्ही एकाच मुक्कामावरून करायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतील. खालच्या पट्ट्यात खाजगी जमीन बरीच आहे, आणि कोलोरॅडोत पाटी नसली तरी परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. सीमा दाखवणारे नकाशे फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या.

मूस (एल्कपेक्षाही मोठं हरीण) ओळखायला शिका. दरवर्षी एल्क समजून मूस मारले जातात. एल्कचा पार्श्वभाग फिक्या पिवळसर रंगाचा असतो, मूस सगळीकडून गडद तपकिरी. आणि बऱ्याच युनिटांत (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) नर एल्कला एका शिंगावर चार टोकं किंवा ५ इंची भुवईटोक (शिंगाचं कपाळाजवळचं पहिलं टोक) लागतं, ते मोजता आलं नाही तर गोळी नाही.

---

कागदपत्र:
फक्त एच-१बी च्या मुद्द्यावर. मी वकील नाही, पण कायद्याचा मजकूर स्पष्ट आहे.

ग्रीन कार्डधारक म्हणून तुम्हाला ही अडचण नाही. मित्राला आहे. संघीय कायद्याच्या कलम ९२२ प्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं, दोन्ही बाळगायला मनाई आहे. एच-४ (कुटुंबीयांचा) आणि एफ-१ (विद्यार्थ्यांचा) सुद्धा यातच येतात. त्याच कलमात सूट आहे: अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना हातात असेल तर चालतं.

चूक होते ती तारखांत. ‘बाळगणे’ म्हणजे फक्त शिकारीचे नऊ दिवस नव्हेत. सरावाला रेंजवर रायफल हातात घेतली तरी ते बाळगणंच, घरात काडतुसांचा डबा ठेवला तरीही. म्हणून मित्राने वर्षभर चालणारा परवाना आधी घ्यावा, मग रायफलला हात लावावा. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. सप्टेंबरमध्ये सराव करायचा असेल तर १ सप्टेंबरला नवा हातात हवा, आणि कपाटात बंदूक असेल तर एक दिवसाचीही फट नको. कोलोरॅडोच्या एल्क टॅगवर विसंबू नका, तो ठरावीक हंगामापुरताच असतो.

दुकानातून बंदूक विकत घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर हा प्रश्न असतो, तिथे परवाना दाखवावा लागतो आणि आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) क्रमांक लिहावा लागतो. गांजा कोलोरॅडोत कायदेशीर असला तरी संघीय कायद्यात त्याचा वापर करणारा बंदूक बाळगू शकत नाही, हेही त्याच फॉर्मवर आहे. यात चूक झाली तर परिणाम थेट व्हिसावर होतात, तेव्हा इमिग्रेशन वकिलाला एकदा विचाराच.

---

सुरीधार:
मांसाबद्दल. नोव्हेंबरमध्ये थंडी आहे म्हणून निवांत राहणं ही सर्वांत महागडी चूक. एल्कची हिवाळी कातडी म्हणजे रजई. बाहेर उणे १० असलं तरी कातडी न काढलेलं जनावर रात्रभर आतून गरम राहतं आणि मागच्या मांडीच्या खुब्याजवळ मांस आंबतं. बर्फात पुरून ठेवणंही चूक, बर्फ ऊब धरून ठेवतं. थंड करते ती वाहती हवा.

पोट न फाडता करायची पद्धत दोघांसाठी उत्तम. जनावर कुशीवर घ्या. पाठीच्या कण्यावरून कातडी कापून खाली सोडवा, तीच अंथरूण होते. पुढचा पाय खांद्यातून सहज सुटतो, तिथे हाडाचा सांधाच नाही. मागची मांडी खुब्याचा गोळा सोडवून काढा. मग कण्यालगतचा बॅकस्ट्रॅप, मान, बरगड्यांवरचं मांस. जनावर उलटवून दुसरी बाजू. शेवटी मागच्या बरगडीमागून हात घालून आतले टेंडरलॉइन. चारही पाय, बॅकस्ट्रॅप आणि टेंडरलॉइन आणणं कायद्याने बंधनकारक आहे. मान आणि बरगड्या खिम्यासाठी आणाच, टाकून यायला ते फार चांगलं मांस आहे. नवख्या दोघांना चार तास धरा. म्हणून सूर्यास्ताला गोळी झाडायच्या आधी हे चार तास अंधारात करायची तयारी आहे का, ते बघा.

लिंगाचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या चिकटलेला राहिला पाहिजे. एका मागच्या मांडीवर वृषण तसंच ठेवा आणि त्या मांडीची हाडं जपून काढा. सुटं डोकं पुरावा धरत नाहीत. टॅगवर सही आणि तारीख जनावर पडताक्षणी, फोटो नंतर.

सामान: सुरी आणि धारेचं साधन (धार जाण्याचं कारण मांस नाही, केस. कातडी आतून बाहेर कापा), हवा खेळेल अशा पाच-सहा कापडी पिशव्या, १५ मीटर दोरी, प्लास्टिकचा तुकडा, हातमोजे, दोन हेडलॅम्प. पिशव्या सावलीत टांगा, नाहीतर आडव्या ओंडक्यांवर एकमेकींना न लागता पसरा. तंबूपासून १०० यार्ड दूर, पण लांबून दिसेल अशा जागी. काळी अस्वलं तेव्हा सगळीच झोपलेली नसतात, परत येताना आधी दुर्बिणीने बघायचं.

सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाची तपासणी काही युनिटांत त्या वर्षी सक्तीची असते, यंदाची यादी माहितीपुस्तिकेत बघा. डोकं बाहेर आणावं लागेल, ते वजन हिशेबात धरा. सक्ती नसली तरी तपासून घ्या आणि निकाल येईपर्यंत त्या जनावराची पाकिटं वेगळी ठेवा. पॉझिटिव्ह मांस खाऊ नये.

---

घाटवाट:
सर्वांचे मनापासून आभार. मुक्काम ३ मैलांवर, ९,३०० फुटांवर आणतो. मित्र नवा परवाना मिळेपर्यंत रेंजवर येणार नाही. दोन राहिलेले प्रश्न: जेवण काय न्यावं, आणि रायफलचा झिरो उंचीवर बदलतो का?

---

कातळटप्पा:
झिरो पागोसात पोचल्यावर तीन गोळ्यांनी तपासाच. सुमारे ८०० मैलांच्या प्रवासात रायफलवरच्या दुर्बिणीचा स्क्रू ढिला होणं हे उंचीपेक्षा मोठं कारण आहे. विरळ हवेत गोळी थोडी वर लागते, पण ३०० यार्डांच्या आत त्याने फरक पडत नाही. तुमच्या गोळीचा उतार ३०० यार्डांवर ८-९ इंच आहे, तो धरा आणि त्यापुढे जाऊ नका. तीव्र चढ-उतारावर तिरकं अंतर न धरता आडवं अंतर धरायचं, नाहीतर गोळी वरून जाते. जनावर पूर्ण आडवं, पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. मागे दुसरा एल्क उभा नाही ना, हे बघून. मग अर्धा तास थांबून माग काढायला निघा.

नारंगी कपडा ५०० चौरस इंच, सलग रंगाचा, कंबरेच्या वर, शिवाय टोपी. कॅमोफ्लाज छापाचं नारंगी चालत नाही. शिंगं पाठीवर घेतलीत की त्यांनाही नारंगी फडकं बांधा.

जेवण: माणशी रोज ३,५०० ते ४,००० कॅलरी, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम कोरडं सामान. त्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, तूरडाळ आणि राजमा कुकरशिवाय शिजणार नाहीत, गॅस मात्र संपेल. भाजलेल्या रव्याचा फोडणी घातलेला उपमा, पातळ पोहे, मेतकूट-भाताचं इन्स्टंट मिश्रण, तूप, चिक्की, बेसनाचे लाडू. लाडू १०० ग्रॅमला ४५० च्या वर कॅलरी देतो आणि थंडीतही दाताने फुटतो, चॉकलेट बार दगड होतो. साधा गॅस डबा उणे १० ला मंदावतो, तो रात्री झोपण्याच्या पिशवीत ठेवा किंवा व्हाइट गॅसचा (द्रव इंधनाचा) स्टोव्ह न्या. पाण्याचा फिल्टरही पिशवीतच. एकदा आत पाणी गोठलं की नळ्या फुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि पाणी गाळलं जात नाही. उकळण्यापुरतं जादा इंधन त्यासाठीच.

पागोसा ७,१०० फुटांवर आहे, तिथे दोन रात्री काढून मगच वर जा. वर डोकेदुखी आणि मळमळ झाली तर त्या दिवशी चढ बंद. बसल्या जागी धाप लागली, ओला खोकला आला, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. सॅटेलाइट मेसेंजर दोघांत एक, आणि तो तंबूत न ठेवता चालणाऱ्याच्या खिशात.