विषय: वहिनीला सहावा महिना, इन्शुरन्स नाही, माहिती हवी आहे

मंडळी नमस्कार,
माझी वहिनी ग्रीन कार्डवर येऊन जेमतेम दीड वर्ष झालंय आणि आता सहावा महिना लागलाय. दादा ज्या दुकानात काम करतो तिथे इन्शुरन्स नाही. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाल्याशिवाय मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) मिळत नाही असं तिला कोणीतरी सांगितलं, तेव्हापासून दोन महिने ती डॉक्टरकडे गेलेलीच नाही. म्हणते, मुंबईला आईकडे जाते बाळंतपणाला. आम्ही न्यू जर्सीतच आहोत. कोणाला माहिती असेल तर प्लीज लगेच कळवा.

---

उत्तर: मुंबईहून

अगं, आधी तिला याच आठवड्यात तपासणीला ने, बाकी सगळं नंतर. मी परत आलेय मुंबईला पण मेलिंग लिस्टवर अजून आहे, आणि न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या गणपतीला बारा वर्षं मोदक केलेत म्हणून हक्काने लिहिते.

पाच वर्षांची अट खरी आहे, १९९६ च्या कायद्यातली. पण पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी मुलांच्या आरोग्य विम्याच्या कायद्यावर सही केली, त्यात राज्यांना मुभा मिळाली की कायदेशीर राहणारी मुलं आणि गरोदर बायका यांना ती पाच वर्षं लावू नका, फेडरल म्हणजे केंद्र सरकारचे पैसे मिळतील. न्यू जर्सीने ती घेतलीय. तेव्हा न्यू जर्सी फॅमिलीकेअरचा, म्हणजे तिथल्या मेडिकेडचाच, फॉर्म भरा, तो वर्षभरात कधीही भरता येतो. आणि उत्पन्न बघताना तिच्यासाठी पोटातलं बाळही धरतात, म्हणजे नवराबायकोच्या घरात तीन माणसं, त्यामुळे आपण बसत नाही असं घरच्या घरी ठरवू नका. आईला मिळालं की बाळाला जन्मापासून वर्षभर आपोआप मिळतं. नाही म्हणाले तर लेखी मागा, त्यावर अपील करता येतं.

मला राग येतो तो त्या 'मुभा' शब्दाचा. दुसऱ्या एखाद्या राज्यात घर असतं तर उत्तर वेगळं आलं असतं कदाचित. पोटातलं बाळ थांबतं का पाच वर्षं? हे सगळ्या राज्यांना सक्तीचंच हवं, आणि मंडळाने आपल्या प्रतिनिधींना तसं लिहायला हवं, दिवाळीच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावतोच ना आपण.

इथे मी आठवड्यातून दोनदा एका प्रसूतिगृहात नाव नोंदवायच्या खिडकीपाशी बसते, बायकांना कागद भरून देते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी ठिकाणी बाळंतपण फुकट आहे, सिझर, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी सगळं धरून. तरी मागच्या महिन्यात नाक्यावर बिगारी काम करणारी एक बाई आली, आठवा महिना, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं गावचं तपासणीचं कार्ड, त्यावर फक्त दोन तपासण्या. सिस्टरने तिची खालची पापणी ओढून बघितली तर आत पांढरीफटक. इतके दिवस का नाही आलीस विचारलं तर म्हणाली, "कार्ड गावचं हाय, हितं चालत नाय म्हनले." कोण म्हणालं ते तिला आठवेना. तुझ्या वहिनीलाही असंच कोणीतरी तोंडी सांगितलंय बघ, आणि दोन महिने गेले.

बाळंतपणाला माहेरी यायचं तर आनंदाने येऊ दे, पण इन्शुरन्स नाही म्हणून नको. आणि अठ्ठावीस आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात, तेही बघा.

---

काकू, फॉर्म काल भरला, दादाच्या पगाराच्या स्लिपा जोडल्या. शुक्रवारी तपासणीची वेळ मिळालीय. वहिनी तुमची मेल दोनदा वाचून रडली. त्या बाईचं काय झालं?

---

तिला शिरेतून लोह देतायत. गुरुवारी परत बोलावलंय, नवऱ्याला घेऊन ये म्हटलंय, रक्तगट बघायचाय. मी असेन खिडकीपाशी. तू शुक्रवारचं कळव.